उजव्या पायाच्या नसा मोकळ्या केल्या, त्याचा अनुभव

मला शुगर निघाली २०११ मध्ये, वयाच्या ३८व्या वर्षी. केज तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी शिक्षिका आहे. गोळ्या सुरू झाल्या, दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं, डोळे वर्षातून एकदा दाखवायचे, एवढं सगळं नेमाने केलं. पायाकडे मात्र आठ वर्षांत कुणी बघितलं नाही. डॉक्टरांनी मोजे काढायला सांगितले नाहीत आणि मीही स्वतःहून कधी दाखवले नाहीत. हा अनुभव लिहायचं पहिलं कारण तेच आहे. दुसरं कारण म्हणजे, मी ऑपरेशन करायचं ठरवत होते तेव्हा मराठीत या ऑपरेशनबद्दल वाचायला काहीच मिळालं नव्हतं.

२०१९ च्या उन्हाळ्यात रात्री तळपायांची आग व्हायला लागली. घर झोपलं की मी स्वयंपाकघरात जायचे आणि शहाबादी फरशीवर तळवे टेकवून बसायचे. पायाखालची फरशी कोमट झाली की पुढच्या फरशीवर सरकायचं. अशी सरकत सरकत मी मोरीपर्यंत पोचायचे आणि तोवर तीन वाजलेले असायचे. चादरीचा नुसता स्पर्श झाला तरी जीव नकोसा व्हायचा. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, काशाच्या वाटीने तूप लावून तळवे घासून दिले. प्रेगाबालिनची गोळी सुरू झाली. त्याने झोप यायची, पण सकाळच्या परिपाठाला उभं राहिलं की डोकं जड.

मग २०२१ मध्ये आग हळूहळू कमी झाली आणि पुढे थांबलीच. मी गोळी बंद केली. घरात सांगितलं, पाय बरे झाले. आत्याबाईंनी देवीची ओटी भरली.

त्याच सुमारास चालताना चप्पल पायातून निसटायला लागली. मी तशीच चार पावलं पुढे जायचे आणि मागून पोरं ओरडायची, "बाई, चप्पल राहिली!" टाचा कोरड्या पडून भेगाळल्या, तर मी त्याला थंडीचं कारण दिलं. आग थांबली ती नसांनी निरोप पोचवायचं सोडलं म्हणून, हे मला पुढे दीड वर्षाने कळालं.

२०२२ ची घटस्थापना २६ सप्टेंबरला होती. लग्न झाल्यापासून नवरात्रात नऊ दिवस मी अनवाणी असायचे. पाचव्या माळेला संध्याकाळी मुलगी फरशी पुसत होती. तिने विचारलं, "आई, तू कशात पाय दिलास?" दारापासून देवघरापर्यंत माझ्या प्रत्येक पावलाजवळ रुपयाएवढा तांबूस डाग होता. मी खाली बसून तळवा उलटा केला. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, जिथे आधीपासून घट्टा होता, तिथे बाभळीचा काटा रुतून मोडलेला आणि भोवती पांढरी पडलेली कातडी. काटा कधी रुतला ते मला सांगता येईना. त्या पायाने मी दोन दिवस शाळेत उभी राहून शिकवलं असणार. मुलीने काटा ओढला तेव्हा मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, कारण दुखत तिलाच होतं.

ती जखम भरायला संक्रांत उजाडली. १५ आठवडे. ड्रेसिंग, घट्टा कापणं, इंजेक्शनं धरून ३८ हजार गेले. पण हाडाला धक्का लागला नाही.

जखम भरल्यावर अंबाजोगाईच्या फिजिशियननी एमसीआर, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराची, चप्पल घ्यायला लावली. आतला रबर मऊ, बोटाने दाबला की दबतो. पायाची संवेदना गेलेल्या कुष्ठरुग्णांसाठी वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे काम केलं, त्यातून ही पादत्राणं आली. नंतर तीच मधुमेहींना उपयोगी पडली. डॉक्टरांनी हे सगळं मला आदराने सांगितलं. शेजारच्या एकीने मात्र हळदीकुंकवाला ती चप्पल बघून सगळ्यांदेखत विचारलं, "ही त्या रोगाची चप्पल हाय ना?" घरी येऊन मी ती माळ्यावर टाकली. तीन महिने वापरली नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण माझ्यासारख्या बायका खूप असतील. त्या चपलेची लाज वाटू देऊ नका. माझी ९०० रुपयांची होती आणि माझ्या कुठल्याही साडीपेक्षा जास्त कामाची होती.

३ जून २०२३, वटपौर्णिमा. सणाला म्हणून जोडवी नीट दाबून घट्ट बसवली. आठ दिवसांनी उजव्या पायाचं दुसरं बोट सुजून जांभळं दिसलं. जोडवं कातडीत रुतलं होतं आणि खाली ओली चीर. पुन्हा तेच, दुखणं शून्य. सोनाराने कात्रीने जोडवं कापलं तेव्हा माझे डोळे भरून आले, ते बोटासाठी नव्हे. आत्याबाई काय म्हणतील याची धास्ती होती. त्यांनी बोट बघितलं, दुसऱ्या पायातलंही जोडवं स्वतःच्या हाताने काढलं आणि देवघरातल्या डबीत ठेवलं. "पाय असला तर जोडवं," एवढंच म्हणाल्या.

नऊ महिन्यांत एकाच पायाला दोन जखमा. डॉक्टरांनी आता स्पष्ट सांगितलं, की मधुमेहात पायाची जखम एकदा भरली तरी १०० पैकी साधारण ४० जणांना वर्षाच्या आत पुन्हा होते. म्हणजे पुढची जखम माझी वाट बघतच होती.

जानेवारी २०२४ मध्ये पायांची पहिल्यांदा नीट तपासणी झाली. डोळे मिटायचे. डॉक्टर नायलॉनच्या जाडसर धाग्याचं टोक तळव्यावर ठिकठिकाणी टेकवतात. धागा १० ग्रॅमच्या दाबाला वाकतो, म्हणजे सगळ्यांना सारखाच दाब मिळतो. लागलं की "हो" म्हणायचं. मी डोळे मिटून बसले आणि वाट बघत राहिले. बराच वेळ गेला. मला वाटलं, डॉक्टर फोनवर बोलायला उठले असतील. डोळे उघडले तर ते खाली वाकून पायाशीच होते. उजव्या पायाला १० पैकी २ जागा लागल्या, डाव्याला ३. धाग्याची ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि कुठल्याही गावात होऊ शकते. शुगर असेल तर वर्षातून एकदा स्वतःहून मागून करून घ्या.

त्यांनी बी-१२ सुद्धा तपासलं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ कमी होऊ शकतं आणि त्यानेही पाय बधिर होतात. माझं कमी निघालं. इंजेक्शनं घेतली, थकवा गेला, पाय होते तसेच राहिले.

ऑपरेशनचं पहिल्यांदा ऐकलं ते केंद्रावरच्या एका सरांकडून. त्यांच्या मनगटातली नस दबली होती. छत्रपती संभाजीनगरला एका प्लास्टिक सर्जनकडे ऑपरेशन होऊन बोटांचा बधिरपणा गेला होता. त्याच डॉक्टरांच्या वेटिंगमध्ये पायाचं ऑपरेशन झालेला एक शुगरचा पेशंट त्यांना भेटला होता.

१२ फेब्रुवारीला, सोमवारी, किरकोळ रजा टाकून पहाटे पाचच्या एसटीने आम्ही दोघं नवरा-बायको निघालो. बायकांना अर्धं तिकीट असल्याने या सगळ्या फेऱ्या परवडल्या. दवाखान्यात नंबर ११ वा होता, आत जायला दीड वाजला. सोबत डबा आणि गोळ्या ठेवा, शुगरवाल्यांनी उपाशी थांबू नये.

सर्जननी आधी दोन्ही पायांच्या नाड्या बघितल्या. मग घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या मागे, बोटाच्या टोकाने टकटक केलं. पहिल्या दोन वेळा काही नाही. तिसऱ्यांदा जरा खाली टकटक केलं आणि माझ्या तळव्यातून अंगठ्यापर्यंत करंट गेला. मी पाय झटकला आणि मोठ्याने ओरडले. हे बाहेरून पळत आत आले. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, घाबरू नका, हे चांगलं आहे." तीन वर्षांत त्या तळव्याने मला पहिल्यांदा काही सांगितलं होतं. मी त्यांना म्हटलं, पुन्हा एकदा करा.

त्या टकटकीला टिनेलची खूण म्हणतात. फ्रान्सच्या जूल्स टिनेल यांनी १९१५ मध्ये, महायुद्धातल्या जखमी सैनिकांच्या नसा तपासताना ती नोंदवली. करंट गेला याचा अर्थ, नस त्या जागी दबलेली आहे, पण पुरती मेलेली नाही. टकटक करून काहीच झालं नसतं तर मी ऑपरेशन सुचवलंच नसतं, असं सर्जन म्हणाले.

त्यांनी कागदावर पायाचं चित्र काढून समजावलं. शुगर जास्त राहिली की नसेच्या आत साखरेपासून सॉर्बिटॉल तयार होतं, ते पाणी ओढतं आणि नस फुगते. नसेची वाट काही ठिकाणी अरुंद बोगद्यातून जाते: घोट्याच्या आतल्या बाजूला, पावलाच्या वरच्या अंगाला, आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला जरा खाली. तिथले आडवे पट्टे शुगरमुळे ताठर होतात. आत नस फुगलेली, बाहेर वाट आवळलेली. ऑपरेशनमध्ये ते पट्टे कापून वाट सैल करतात, नसेला हात लावत नाहीत. मनगटाच्या ऑपरेशनसारखंच हे. अमेरिकेत बाल्टिमोरचे सर्जन ली डेलन यांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी ही कल्पना मांडली. शुगरने झालेली इजा याने भरून येत नाही, फक्त वरचा दाब जातो, हे त्यांनी तीनदा सांगितलं. "आग थांबेल की नाही, स्पर्श किती येईल, हे मी लिहून देणार नाही."

हे म्हणाले, "दोन्ही पायांचं एकदाच करून टाकता येईल का, डॉक्टर साहेब?" तर नाही. एक पाय जमिनीवर टेकायला लागतो. आणि आधी तीन अटी होत्या. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) साडेसातच्या खाली हवं, माझं ८.९ होतं. पायाचा रक्तपुरवठा चांगला हवा, म्हणून डॉपलर. रक्तवाहिनीच बंद असेल तर आधी तिचा इलाज, हे ऑपरेशन नाही. आणि पायावर उघडी जखम नको. एनसीव्ही, म्हणजे नसेतून करंट किती वेगाने जातो त्याची पट्टी, काढायला २,८०० आणि डॉपलरला २,००० लागले. डॉपलरमध्ये घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं प्रमाण १.०२ आलं, म्हणजे रक्तपुरवठा ठीक.

सगळे कागद घेऊन मी अंबाजोगाईच्या फिजिशियनकडे परत गेले. त्यांना ऑपरेशन पसंत नव्हतं. ते म्हणाले, हे सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेतल्या मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांच्या अकादमीने २००६ मध्येच सांगितलं, की याच्या बाजूने पुरेसा पुरावा नाही. २००८ मध्ये कॉक्रेन या, जगभरचे वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेच्या तज्ज्ञांनी सगळे अभ्यास धुंडाळले, त्यांनाही चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटणी केलेला एकही धड अभ्यास सापडला नाही. "शुगर सांभाळा, चप्पल घाला, पाय रोज बघा. सिद्ध झालंय ते एवढंच."

मी हे फोनवर सर्जनना सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, तुमचे डॉक्टर बरोबर सांगतात. मग त्यांनी २००४ चा एक अभ्यास सांगितला. एकाच पायाचं ऑपरेशन झालेले ५० रुग्ण, सरासरी साडेचार वर्षं लक्ष ठेवलेले. ऑपरेशन झालेल्या पायाला एकालाही जखम झाली नाही. ऑपरेशन न झालेल्या पायाला १२ जणांना जखमा झाल्या आणि तिघांचा पाय किंवा बोट कापावं लागलं. पण हा अभ्यासही मागे वळून, म्हणजे जुन्या नोंदी बघून केलेला, आणि त्यात स्वतः डेलन होते, हेही त्यांनीच सांगितलं.

आठवडाभर मला झोप नव्हती. एक डॉक्टर हो म्हणतो, एक नाही म्हणतो आणि दोघंही प्रामाणिक. शेवटी मी वहीत लिहून काढलं. आग तर आता नव्हतीच, म्हणजे वेदनेसाठी मी हे करत नव्हते. जखमेची भीती खरी होती, दोनदा झाली होती. रक्तपुरवठा चांगला होता. टकटकीला नस बोलली होती. आणि ऑपरेशन केलं तरी चप्पल, रोज तळवे बघायचा आरसा, शुगर यातलं काहीच सुटणार नव्हतं. हे शेवटचं वाक्य लिहिलं तेव्हा मन शांत झालं. एक करायचं म्हणून दुसरं सोडायचं नव्हतं. फिजिशियनना तसं सांगितलं, तर म्हणाले, "मग आधी शुगर आणा, बाकी मी बघतो." इन्सुलिन त्यांनीच सुरू केलं. रात्रीची भाकरी दीडवर आली, चहा बिनसाखरेचा झाला. मेच्या पहिल्या आठवड्यात ७.४ आलं.

आता पैशाचं. ऑपरेशन, भूल, दोन दिवस मुक्काम मिळून ७८ हजार सांगितले. तो दवाखाना जनआरोग्य योजनेत नव्हता. आम्हा कर्मचाऱ्यांना वैद्यकीय प्रतिपूर्ती असते, पण खाजगी दवाखान्यासाठी तेव्हा २७ आकस्मिक आणि ५ गंभीर आजारांची यादी होती, आणि आधी तारीख ठरवून केलेलं माझं ऑपरेशन त्यात बसेल असं दिसत नव्हतं. शिक्षक पतसंस्थेतून एक लाख कर्ज काढलं. दोन जामीनदार, पगारपत्रक, मुख्याध्यापकांचं पत्र, एवढ्यावर नऊ दिवसांत मिळालं.

तारीख उन्हाळ्याच्या सुट्टीतली हवी होती. पण २०२४ ची लोकसभा आली, आमच्या बीडचं मतदान १३ मेला आणि हातात निवडणूक ड्युटीचा आदेश. वैद्यकीय कारणाने ड्युटी रद्द करून घेता आली असती. त्यासाठी जिल्हा रुग्णालयाचं प्रमाणपत्र, मग अर्ज, मग सुनावणी. त्या फेऱ्या मारण्यापेक्षा ड्युटी बरी वाटली. बूट-मोजे घालून केंद्रावर गेले, रात्री मतदान साहित्य उशाशी ठेवून झोपायच्या आधी मोबाईलच्या उजेडात तळवे बघितले. ऑपरेशन १६ मे, गुरुवार असं ठरलं.

भूल कमरेतून दिली. मांडीला पट्टा आवळला, म्हणजे रक्त खाली येत नाही आणि नस स्वच्छ दिसते. मी जागी होते, पडद्यापलीकडे काही दिसत नव्हतं. दोन तास लागले. तीन चिरा: घोट्याच्या मागे सर्वांत लांब, पावलावर एक छोटी आणि गुडघ्याच्या बाहेर एक. नंतर डॉक्टरांनी फोटो दाखवला. घोट्यातली नस भिजलेल्या सुतळीसारखी फुगीर, आणि जिथे पट्टा कापला होता तिथे बोटाने चेपल्यासारखी चपटी. मी तो फोटो मागून घेतला. बारा-तेरा वर्षांच्या शुगरचा माझ्याकडे असलेला तो एकमेव फोटो आहे.

पहिली रात्र दुखलं, गुडघ्याच्या चिरेला जास्त. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून संडासपर्यंत चालवलं. शनिवारी गाडीने घरी. मागच्या सीटवर पाय आडवा, खाली दोन उशा, बीडला थांबून अर्धा तास पाय सरळ वर. गाडीचे जाऊन-येऊन ६,५०० झाले.

घरी काय लागतं ते कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहिते. आमचा संडास खाली बसायचा आहे. टाके असताना बसणं अशक्य. कमोडची खुर्ची १,६०० ला आणली, ती ऑपरेशनच्या आधीच आणून ठेवायला हवी होती. खाट भिंतीला लावून पायथ्याखाली विटा. अंघोळीला पायावर प्लास्टिकची पिशवी आणि तिला वरून रबर, पण फार घट्ट नाही. मे महिना, ४२ डिग्री, त्यात दुपारची लाईट जायची. पट्टीत घाम साचू नये म्हणून मुलगी वहीच्या पुठ्ठ्याने पायाला वारा घालत बसायची.

बाराव्या दिवशी माझी चूक झाली. भेटायला पाहुणे आले. झोपून कसं बोलायचं म्हणून मी खाटेवर पाय खाली सोडून तासभर बसले. संध्याकाळी पट्टी ओली. घोट्याचे दोन टाके सुटून जखम उघडी पडली होती. फोटो पाठवला, डॉक्टरांनी रोज ड्रेसिंग आणि पूर्ण विश्रांती सांगितली. बाकीचे टाके ६ जूनला निघाले, ते भोक भरायला मात्र १ जुलै उजाडला. शुगरवाल्यांच्या घोट्याची चीर उशिरा भरते, हे मला आधी सांगितलेलं होतं. पाहुण्यांना दारातून हात जोडा, पाय खाली सोडू नका.

१५ जूनला शाळा सुरू झाली, मी ८ जुलैला रुजू झाले. रजेच्या अर्जाला डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि रुजू होताना फिटनेस, दोन्ही मूळ प्रती लागतात. झेरॉक्स स्वतःकडे ठेवा. प्रतिपूर्तीचा प्रस्ताव यादीत बसत नाही हे माहीत असूनही पाठवला. चार महिन्यांनी "नियोजित शस्त्रक्रिया, अनुज्ञेय नाही" असा शेरा मारून परत आला. एकूण खर्च तपासण्यांसकट एक लाख पाच हजार. हप्ता अजून चालू आहे.

पाचव्या आठवड्यापासून रात्री तळव्यात चमका निघायला लागल्या. मधेच उंदराने कुरतडल्यासारखं वाटायचं, मधेच मुंग्यांचा लोंढा. पुन्हा झोप गेली. यावेळी मी घाबरले नाही. डॉक्टर म्हणाले होते की नस जागी होताना असं होतं. तरी पाच-सहा आठवडे कठीण गेले, हे लपवत नाही. एक-दोन रात्री वाटलं, गप्प होतं तेच बरं होतं.

पोळ्याच्या आदल्या रात्री, १ सप्टेंबरला, पाणी प्यायला उठले. अंधारात स्वयंपाकघराच्या फरशीवर उजवा पाय पडला आणि मी तिथेच थांबले. फरशी गार होती. मी डावा पाय टेकवला. काही नाही. पुन्हा उजवा. गार. मी यांना उठवलं, आत्याबाईंना उठवलं, आणि रात्री दीड वाजता आम्ही तिघं स्वयंपाकघरात उभे होतो. आत्याबाई स्वतः अनवाणी होऊन म्हणाल्या, "हाय की गार."

दिवाळीनंतर, सहा महिन्यांनी, तोच धागा, तीच खुर्ची. उजव्याला १० पैकी ६. डाव्याला ३. अंगठ्याच्या मुळाची जागा, जिथे काटा रुतला होता, ती अजून बधिरच आहे. फिजिशियननी आकडे लिहून घेतले आणि म्हणाले, "अनवाणी चालायचं नाही. सहाला पास म्हणत नाहीत." मी शिक्षिका असून ते मान्य केलं. नवरात्रात आता घरात मऊ चप्पल, देवळात जाड मोजे. ओटी, उपवास, माळ सगळं तसंच.

गेल्या सप्टेंबरात, २०२५ मध्ये, आपल्याकडे अतिवृष्टी झाली. मांजरा फुगली, शाळेच्या दोन खोल्यांत पाणी शिरलं. पाणी उतरल्यावर दोन दिवस आम्ही सगळे चिखल काढत होतो. मी गमबूट घातले होते. पहिल्याच दिवशी उजव्या बुटात खडा टोचला. टोचला! बूट काढून झटकला, पुन्हा घातला. संध्याकाळी घरी येऊन आरसा घेतला, तर उजवा पाय कोरडा, ठीक. डाव्या टाचेला बोराएवढा फोड फुटून कातडी निघालेली, आणि बुटाच्या आत रबराचं शिवण वर आलेलं. डाव्या पायाने दिवसभर मला काहीही सांगितलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी दवाखाना गाठला म्हणून जखम पाच आठवड्यांत भरली. फिजिशियनना मी दोन्ही पाय दाखवून म्हटलं, आता तरी? ते हसले. एका बाईच्या दोन पायांनी सिद्ध काही होत नाही, म्हणाले, आणि ते खरंच आहे. उजवा पाय जरा आधीपासून बरा असेल, बूट वेगळा असेल. तरी डाव्या घोट्यावर त्यांनी स्वतः टकटक करून बघितलं. करंट गेला. त्यांनीच सर्जनना चिठ्ठी लिहून दिली.

डाव्याची तारीख १४ मे २०२६ मिळाली आहे. अट तीच, साडेसातच्या खाली. परवाची एचबीएवनसी ७.९ आहे, म्हणजे अजून काम आहे. कमोडची खुर्ची माळ्यावरून काढून पुसून ठेवली. पाहुण्यांना यांनी आत्ताच सांगून टाकलंय, तीन आठवडे फोन करा, येऊ नका.